डोक्यावर काही नको : किल्लारी पट्ट्यातल्या एका घरातली दडवलेली साठवण

औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावातलं हे घर. १९९३ च्या भूकंपानंतर योजनेत मिळालेलं मूळ घर २५० चौरस फुटांचं. मागच्या बाजूला कुटुंबानं पुढे स्वतःच्या पैशानं बांधलेली बारा बाय चौदाची खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर. राहणारी माणसं पाच : ऐंशीकडे झुकलेली आई, जिला सगळं घर 'माय' म्हणतं, शेती करणारा थोरला मुलगा, त्याची बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सातवीतला मुलगा. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला. दिवाळीला तो बायकामुलांसह आला की घरात नऊ माणसं होतात.

लातूर भागात लहान घरांच्या दुरुस्तीची आणि आतल्या मांडणीची कामं मी करतो. या घरानं मला बोलावलं त्याला दोन निमित्तं होती. गल्लीतल्या एका बंद घराचं कुलूप तोडून चोरी झाली होती, त्यामुळे थोरल्याला दागिन्यांसाठी आणि कागदपत्रांसाठी लपती जागा हवी होती. आणि नातीसाठी स्थळं यायला लागली होती. सूनबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "सर, पाव्हणे आले तर बसवायचं कुठं? पोत्यावर?"

प्रश्न खरा होता. पुढच्या खोलीत भिंतीला लागून सोयाबीनची पोती, त्यांच्यावर खताच्या रिकाम्या गोण्या, कोपऱ्यात ज्वारीच्या दोन कोठ्या. मागच्या खोलीत पलंग, त्याच्या डोक्याशी साडेसहा फुटी लोखंडी कपाट आणि भिंतीत ठोकलेल्या लोखंडी अँगलवर सात फूट उंचीला शहाबादी फरशीची लांब मांडणी. मांडणीवर लग्नाकार्याची पितळी पातेली, दोन पत्र्याच्या ट्रंका, वाकळी, जुना मिक्सर. त्याच मांडणीखाली नातवंडांची अंथरुणं.

धाकट्यानं पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवले होते. छताला लागून चारही भिंतींवर लॉफ्ट आणि भिंतीत खोल बसवलेली कपाटं. फ्लॅटच्या सजावटीत हल्ली सर्रास दिसतं तसंच. माय सगळं ऐकत बसली होती. शेवटी म्हणाली, "लेकरा, काय बी कर, पन डोस्क्यावर काय नगं. खाली ठिव."

मी तिचं म्हणणं या कामाचा पहिला नियम मानला. वयस्कर बाईची भीती म्हणून तिची समजूत घातली असती तर हे घर चुकीच्या पद्धतीनं भरलं गेलं असतं. तिचं म्हणणं बांधकामाच्या हिशेबानंही पक्कं आहे, आणि ते का हे सांगायला जुन्या घराकडे जावं लागेल.

जुन्या वाड्यात साठवण कुठे होती

या भागातल्या जुन्या घरांत लपवायच्या जागा घर बांधतानाच केलेल्या असत. जाड भिंतीच्या पोटात बळद असे. वरून, माळवदावरच्या, म्हणजे मातीच्या सपाट छतावरच्या तोंडातून धान्य ओतायचं आणि खाली भिंतीतल्या लहानशा भोकातून लागेल तसं काढायचं. बाहेरून बघणाऱ्याला नुसती सारवलेली भिंत दिसे. पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या पांढऱ्या मातीच्या, कोरड्या जागेत पेव खणलेलं असे, आतून कडबा लावून ज्वारी भरायची, तोंड बुजवून वर माती. कोनाडे, देवळ्या, फडताळं, उतरंड, शेणानं सारवलेल्या कणग्या हे सगळं वेगळंच. ही नुसती हौस नव्हती. निजामाच्या राज्यात लेव्हीचं, म्हणजे सरकारी सक्तीच्या वसुलीचं, धान्य मोजून द्यावं लागे, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या रझाकारांच्या धामधुमीत घरातलं धान्य आणि सोनं कुठे आहे हे कुणाला दिसू नये ही गरज होती. मायच्या सासूनं ते दिवस काढलेले. घरातला ऐवज भिंतीत कुठे आहे हे त्या एकट्या म्हातारीलाच ठाऊक असे.

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. या घरातली दोन गेली : मायची सासू आणि मायची धाकटी लेक.

भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, पण गोल दगड आणि मातीत रचलेल्या. बाहेरच्या थराला आतल्या थराशी सांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादऱ्यानं दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि वरचं माळवद आत आलं. माळवदावर वर्षानुवर्षं नवी माती पडत गेलेली, काही घरांवर थर दोन फुटांपर्यंत पोचलेला. एक घनफूट माती पंचेचाळीस-पन्नास किलोची धरली तर छताच्या प्रत्येक चौरस फुटावर नव्वद ते शंभर किलो. झोपलेल्या माणसांवर एवढं वजन आलं. बळद असलेली भिंत तर आतून पोकळच.

मायच्या वाक्यामागे हे आहे. शिवाय तोवर हा पट्टा भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात आला.

सासूबरोबर तिची लपवलेली जागाही गेली. ढिगारे उपसले गेले, पुढे गावच नव्या जागी उठून आलं, आणि त्या भिंतीत काय होतं, होतं की नव्हतं, हे घरात आजही कुणाला माहीत नाही.

आधी बाहेर काढलं

लपती जागा करायची म्हटलं की माणसं थेट सुताराकडे जातात. माझा अनुभव असा की घरात नको ते काय आहे हे आधी बघावं. या घरात सर्वात जास्त जागा सोयाबीननं खाल्ली होती. भाव वाढेल म्हणून पोती महिनोनमहिने झोपायच्या आणि बसायच्या खोलीत थप्पी लावून ठेवायची, ही लातूर जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतकरी घरांची रीत आहे. त्यापायी उंदीर येतात, ओल येते, आणि रात्री बाहेर पडायची वाट अडते.

थोरल्याला बाजार समितीमार्फत मिळणाऱ्या शेतमाल तारण कर्जाची माहिती होती, पण तो कधी गेला नव्हता. माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी कर्ज घ्यायचं, भाव बरा मिळाला की माल विकून फेडायचं. त्यानं तसं केलं आणि पुढची खोली मोकळी झाली. सुतारकामाचा एक खिळाही न ठोकता घरातली निम्मी अडचण गेली. ज्यांच्या घरात पोत्यांची थप्पी आहे त्यांनी लपत्या कपाटांचा विचार त्यानंतरच करावा, असं मी अगदी आग्रहानं सांगतो.

मग मांडणी. शहाबादी फरशी एक इंच जाडीची धरली तर चौरस फुटाला सहा किलोपेक्षा थोडी जास्त भरते. दहा फूट लांब, दोन फूट रुंद म्हणजे फरशीचंच वजन सव्वाशे किलो, आणि त्यावर पितळ आणि ट्रंका. हे सगळं भिंतीत चार-सहा इंच शिरलेल्या अँगलवर, खाली दोन मुलं झोपलेली. ती मांडणी मी पहिल्याच दिवशी उतरवून घेतली. फरशा फेकल्या नाहीत. परसात मोरीशेजारी चांगला ओटा झाला, त्यावर पाण्याचे दोनशे लिटरचे दोन ड्रम बसले. या भागात उन्हाळ्यात पाण्याचा साठा लागतोच. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, गावांची कथा त्याहून निराळी नाही. पण भरलेला एक ड्रम दोनशे किलोचा असतो, म्हणून त्याची जागा जमिनीवर आणि घराबाहेर.

लोखंडी कपाट पलंगाच्या डोक्याशी होतं ते समोरच्या भिंतीला नेलं, जिथून ते आडवं पडलं तरी पलंगावर किंवा दारात पडणार नाही. वरच्या दोन कोपऱ्यांना एल-पट्ट्या लावून भिंतीला बांधलं. हे काम तासाभराचं आणि खर्च किरकोळ. उंच कपाट भिंतीला बांधायची सवय आपल्याकडे अजून लागलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

काय केलं नाही

धाकट्याच्या फोटोतली भिंतीतली कपाटं का नाकारली, ते त्याला फोनवर सांगावं लागलं. मूळ घराच्या भिंती आठ इंची काँक्रीट ब्लॉकच्या आहेत. त्यात जोत्याला आणि दाराखिडक्यांच्या वर आडवे काँक्रीटचे पट्टे आहेत, कोपऱ्यांत उभ्या सळया आहेत. हादऱ्यात भिंती एकमेकींना धरून ठेवायचं काम हे पट्टे करतात. वजन पेलणाऱ्या भिंतीत वायर किंवा पाइपसाठी खाच मारायची तरी भारतीय मानकाप्रमाणे उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. आठ इंची भिंतीत म्हणजे उभी अडीच इंच आणि आडवी सव्वा इंच. त्यात कपाट काय बसणार? ब्लॉक पोकळ असेल तर तेवढंही नको. गावात काही घरांत टीव्हीसाठी किंवा देवघरासाठी भिंत कोरून कोनाडे केलेले मी पाहिलेत, एका घरात तर दारावरचा पट्टाच तोडलेला. ज्या पट्ट्याच्या भरवशावर घर उभं आहे तोच तोडून त्यात देव बसवायचे, हे थांबायला हवं.

जमिनीत खड्डा घेऊन वर फरशीचं झाकण, हा थोरल्याचा विचार होता. पेवाची आठवण असलेल्या कुटुंबाला तो सुचणं साहजिक. पण पेव खणत ते पांढरीच्या किंवा मुरमाच्या कोरड्या जागेत. ही वस्ती काळ्या मातीच्या शिवारात उभी आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. खड्ड्याच्या भिंतींना तडे जाणार, पावसाळ्यात आतून पाणी पाझरणार, आणि लाल फडक्यात बांधलेले कागद पहिल्याच मृग-आर्द्रात भिजणार. ज्यांच्याकडे जुनं पेव अजून वापरात आहे त्यांना एवढंच सांगतो : बंद धान्य श्वास घेतं, आतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो. तोंड उघडून बराच वेळ हवा खेळू द्यायची, दिवा सोडून बघायचा, आणि दिवा विझला तर माणसानं उतरायचं नाही.

विजेच्या बोर्डामागच्या पोकळीत ऐवज ठेवायचा हा आणखी एक उपाय मोबाइलवर फिरतो. त्याबद्दल जास्त बोलायची गरज नाही. तिथे हात घालायचा नसतो.

बैठक

धान्याची सगळी साठवण एका गोष्टीत बसवली : पुढच्या खोलीत बारा फुटी भिंतीला लागून एक लांब बैठक. पाहुण्यांना बसायला जागा, आणि पोटात वर्षाचं धान्य.

हिशेब ज्वारीपासून केला. एका क्विंटल ज्वारीला साधारण पाच घनफूट जागा लागते, गव्हाला थोडी कमी. २२ इंच लांब, २२ रुंद आणि १८ उंच अशी पत्र्याची कोठी केली की बरोबर पाच घनफूट होतात. अशा पाच कोठ्या गल्व्हनाइज्ड पत्र्याच्या करून घेतल्या, झाकणाला आतून रबराची पट्टी. तीन ज्वारीला, एक गव्हाला, एक मधे पडदी घालून तूर आणि हरभऱ्याला. कोठ्या उथळ ठेवल्या त्याचं कारण माय. उंच कोठीच्या तळातून माप भरायला कंबरेत वाकावं लागतं, इथे बसल्या बसल्या हात तळाला पोचतो.

कोठ्यांभोवती एक इंची चौकोनी पाइपाची लोखंडी चौकट. तिच्यावर बैठकीच्या फळ्या, दर दोन फुटांना वेगळी, मागे बिजागऱ्या. प्लायवूड ओल सोसणारं, आयएस (भारतीय मानक) ७१० छापाचं घेतलं. स्वस्तातलं आयएस ३०३ चं घेतलं असतं तर पैसे वाचले असते, पण पावसाळ्यात भिंतीच्या ओलीनं ते फुगलं असतं. चौकट जमिनीपासून तीन इंच वर आणि भिंतीपासून दोन इंच सुटी. एकूण उंची २२ इंच भरली, बसायला नेहमीच्या खुर्चीपेक्षा चार बोटं जास्त. मायच्या गुडघ्यांना तीच उंची सोयीची, तिला उठताना कुणाचा हात लागत नाही.

खालची तीन इंचांची फट सूनबाईंना बंद हवी होती, 'कचरा दिसतो' म्हणून. मी ती उघडी ठेवायचा हट्ट धरला. बंद, अंधाऱ्या, हात न पोचणाऱ्या जागेत आपल्या गावात विंचू येतो, उंदीर घर करतो. झाडू फिरला पाहिजे आणि बॅटरी मारली की पलीकडची भिंत दिसली पाहिजे.

वजनाचाही हिशेब बघायला हवा. पाच क्विंटल धान्य वीस चौरस फुटांवर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २७० किलो. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून बांधतात. ही बैठक जोत्यावर, जमिनीला टेकून आहे म्हणून चाललं. हीच बैठक माडीवर करा असं कुणी म्हणालं तर मी करून देणार नाही.

पितळी भांडी पलंगाखाली गेली. जुना पलंग मजबूत होता, त्याखाली चाकांचे दोन ओढते खण बसवले. वाकळी, शाली, धुऊन ठेवलेली लुगडी पलंगाशेजारच्या कमरेइतक्या उंच पेटीत. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एकच लाकडी फळी, कडेला दोन इंचांची आडपट्टी लावून, आणि तिच्यावर रिकामे डबे, टोपल्या, हलक्या वस्तू. तिथे कुणी झोपत नाही. माय तिथेही दोन दिवस नाराज होती, मग तिनं स्वतःच फळीवर चाळणी नेऊन ठेवली.

गोळी

इथे थोडं थांबतो, कारण घर नीटनेटकं दिसण्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

धान्याला कीड लागू नये म्हणून गेली काही वर्षं या घरात 'गोळी' टाकत होते. कृषी दुकानातून ओळखीनं आणलेली, फडक्यात बांधून पोत्यात सारलेली. ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या ओलाव्याशी तिचा संयोग झाला की फॉस्फिन वायू सुटतो. तो कीड मारतो, तसाच माणूसही मारतो. त्यावर उतारा नाही. तिची विक्री आणि वापर सरकारी किंवा प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे तो याच कारणानं. आतापर्यंत पोती सताड उघड्या खोलीत होती. आता धान्य घट्ट झाकणाच्या कोठीत, कोठी बैठकीत, आणि बैठकीवर रात्री नातू झोपणार. म्हणून कामाआधीच मी अट घातली : या घरात गोळी येणार नसेल तरच बैठक करतो. थोरल्यानं उरलेल्या गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत हेही कबूल केलं.

मग धान्य टिकवायचं कसं, तर मायला आधीपासून माहीत होतं तसंच. ज्वारी कडक उन्हात वाळवायची, दाण्यातली ओल १२ टक्क्यांच्या खाली गेली पाहिजे. यंत्र नसेल तर दाणा दाताखाली धरायचा, कट्ट आवाज करून तुटला तर वाळला, दबला तर नाही. वाळवलेलं धान्य गरम असताना कोठीत भरायचं नाही, सावलीत थंड होऊ द्यायचं, नाहीतर झाकणाला आतून घाम धरतो. सावलीत सुकवलेला कडुलिंबाचा पाला थराथरानं. तुरीला राख. कोठी काठोकाठ भरायची, कारण आत जितकी हवा कमी तितकी कीड कमी.

चोरकप्पा

आता थोरल्याची मागणी. या लेखात मी कप्प्याची जागा आणि मापं बदलून लिहितोय, कारण घर खरं आहे. तत्त्व तेच आहे.

आधी काय लपवायचं आहे ते कमी केलं. सातबारा आणि आठ-अ डिजिटल स्वाक्षरीचे मिळतात, त्यासाठी जुने उतारे जपायला नकोत. खरेदीखत नोंदणीकृत असेल तर त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून काढता येते. नातीच्या गुणपत्रिका आणि आधार डिजिलॉकरमध्ये गेले. दागिन्यांपैकी रोज न लागणारे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत असं मी सुचवलं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चोरी, आग, इमारत कोसळणं, कर्मचाऱ्यांचा गैरव्यवहार अशा कारणांनी लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. भूकंप-पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, ती नसते. हे ऐकल्यावर माय म्हणाली, "मंग निम्मं तितं, निम्मं हितं." तिचा निवाडा मला योग्य वाटला. तसंच झालं.

घरात राहणाऱ्या निम्म्यासाठी बैठकीचं शेवटचं, सहावं, भिंतीच्या कोपऱ्यातलं दोन फुटी दालन निवडलं. फळी उचलली की आत बाकीच्यांसारखीच कोठी दिसते, बाजरी भरलेली. फक्त ती मागून आखूड आहे. बाहेरून मोजलं तर खोली दोन फूट, आतून चौदा इंच. मागच्या आठ-नऊ इंचांत एक लोखंडी पेटी, दोन अँकर बोल्टनं जमिनीला आवळलेली. तिथे पोचायला बाजरीची तीसेक किलोची कोठी उचलून बाहेर काढावी लागते. घाईतला चोर कपाट उचकटतो, गाद्या उलथतो, देव्हारा आणि डबे बघतो. वजन उचलून बाजूला करायला त्याला वेळ नसतो. म्हणून कुलपापेक्षा बाजरीवर माझा भरवसा जास्त आहे.

लपता कप्पा उघडा पडतो तो बहुतेक वेळा खुणांमुळे. रोज हात लागणाऱ्या कडेला मळ धरतो आणि रंग वेगळा दिसू लागतो. सगळे स्क्रू जुने, दोनच चकाकणारे. जमिनीवर पेटी ओढल्याचा ओरखडा. फळ्यांमधल्या फटी एका ठिकाणी जास्त रुंद. दाबलं की उघडणारी कळ लावायचा मोह सुताराला फार होता. पण तशी कळ मूल टेकलं तरी टचकन सुटते, आणि एकदा सुटली की सगळ्या गल्लीला कळतं. म्हणून कळ नाही, मूठ नाही, चुंबक नाही. सगळ्या सहा दालनांना एकच जातीची बिजागरी, एकच सनमायका, सारखीच फट. कप्पा वेगळा दिसायला काही उरलंच नाही.

सुताराला मापातला फरक कळणारच. त्याला दोष नाही, पण त्याच्या तोंडून चार ठिकाणी जाऊ शकतं. म्हणून त्याच्याकडून सहाही दालनं सारखी करून घेतली. मागची आडवी फळी आणि पेटी नंतर थोरल्यानं स्वतः बसवली, मी फक्त बोल्टची जागा आखून दिली. आखूड कोठी दुसऱ्या गावच्या पत्रेवाल्याकडून आणली.

आग लागली तर प्लायवूड काही वाचवत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. कागदाच्या मूळ प्रती तिथे ठेवलेल्या नाहीत. आणि जमीन हलली तर कप्प्याकडे वळायचंच नाही, दारातून बाहेर. बैठक अशा भिंतीला घेतली की पलंगापासून दारापर्यंतची वाट तीन फुटांची मोकळी राहते. अंधारात चालून मी ती तपासली, नातवालाही चालायला लावलं.

पावसाळ्यानंतर

पहिला पावसाळा सरल्यावर मी जाऊन आलो. ओल कुठे चढली नव्हती. भिंतीची दोन इंचांची फट तिचं काम करत होती. तीन नंबरच्या कोठीत सोंडे, म्हणजे धान्यातले सोंडकिडे, झाले होते. विचारलं तर कळलं, मधेच एका नातेवाइकाकडून आलेली वीसेक किलो ज्वारी न वाळवता वर ओतली होती. ती कोठी रिकामी करून उन्हात ठेवली, धान्य चाळून पुन्हा वाळवलं. आता दुसरीकडचं धान्य थेट कोठीत जात नाही.

सूनबाई बैठकीवर सतरंजी आणि लोड घालतात. दोन स्थळांचे पाहुणे बसून गेले, खाली ज्वारी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही याचा त्यांना आनंद आहे. धाकटाही दिवाळीला आला, त्यानं फळ्या उघडून पाहिल्या आणि लॉफ्टचा विषय पुन्हा काढला नाही.

अडलं होतं ते एकाच ठिकाणी : कप्पा कुणाकुणाला माहीत असावा. माय, थोरला आणि सून, तिघांना माहीत होता, पण तिघंही रात्री एकाच छताखाली झोपतात. या घरात १९९३ ला जे झालं त्यानंतर एक तरी जाणता माणूस दुसऱ्या गावी हवा, असं मी म्हणालो. थोरला गप्प बसला. मायच्या सोन्याची वाटणी झालेली नाही, आणि धाकट्याला सांगितलं तर तो विषय निघेल ही त्याची अडचण मला दिसत होती. तिच्यात मी पडलो नाही.

दिवाळीत मायनं दोघांना समोर बसवलं आणि नातीकडून यादी लिहून घेतली : कोणती वस्तू, किती तोळे, कुणासाठी. पाटल्या नातीला, एकदाणी धाकट्या सुनेला, पुतळ्या थोरल्या सुनेला. एक प्रत पुण्याला गेली, एक बँकेच्या लॉकरमध्ये. जागा तिनं धाकट्याला स्वतः नेऊन दाखवली, बाजरीची कोठी त्यालाच उचलायला लावून. नथ कुणाला, ते तिनं अजून सांगितलेलं नाही आणि यादीत ती ओळ रिकामी सोडली आहे.